जेलीफिश, प्रवाळ आणि त्यांचे गोत्र: नाव रूपावरून, नाते दंशपेशीवरून

तळठाव (धागालेखक)

‘प्रवाळ’ हा शब्द आपण ज्या प्राण्यांसाठी वापरतो त्यांपैकी चार समोर ठेवून सुरुवात करतो. दागिन्यांत जडवले जाणारे तांबडे पोवळे, उष्ण समुद्रांत मैलोगणती भिंती उभारणारे दगडी प्रवाळ, निळ्या सांगाड्याचे निळे प्रवाळ आणि हात लागताच भाजल्यासारखी आग करणारे अग्निप्रवाळ. चौघेही वसाहत करून राहतात, चौघांचाही सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि चौघेही एकदा जागा धरली की आयुष्यभर ती सोडत नाहीत. वंशावळीत मात्र तांबडे आणि निळे प्रवाळ एका घराण्यातले आहेत, दगडी प्रवाळ त्यांच्या शेजारच्या घराण्यातले आहे, आणि अग्निप्रवाळ पार पलीकडचे, जेलीफिशांच्या बाजूचे आहे. त्याचे जवळचे नातलग शोधायचे तर ते गोड्या पाण्यातल्या हायड्राच्या गोतावळ्यात सापडतात. प्रजननाच्या वेळी अग्निप्रवाळ इवलेसे, अल्पायुषी छत्रिक पाण्यात सोडते, म्हणजे दगडासारखे दिसणारे हे प्राणी काही काळ चक्क जेलीफिशांना जन्म देत असतात.

या उदाहरणातून मला जे मांडायचे आहे ते असे, की ‘जेलीफिश’ आणि ‘प्रवाळ’ ही प्राण्यांच्या घराण्यांची नावे नाहीत, ती रूपांची आणि राहणीची नावे आहेत. तरंगणारे, छत्रीसारखे, लिबलिबीत ते जेलीफिश. बसलेले, कठीण, फांद्याफांद्यांचे ते प्रवाळ. डोळ्यांना हे पुरेसे वाटते. पण हे प्राणी ज्या संघात, म्हणजे प्राणिसृष्टीच्या ज्या मोठ्या विभागात, येतात त्याच्या अभ्यासाचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर रूपावर विसंबलेले वर्गीकरण पुन्हा पुन्हा फसलेले दिसते, आणि प्रत्येक वेळी खरे नाते सांगणारी खूण एकच निघाली आहे. ती खूण म्हणजे दंशपेशी.

या संघाचे आजचे नाव निडारिया आहे. ग्रीक भाषेत खाजकुइलीसारख्या दाहक वनस्पतीला जो शब्द आहे त्यावरून ते आले आहे. सुमारे अकरा हजारांहून अधिक जाती असलेल्या या संघात प्रत्येक प्राण्याजवळ दंशपेशी असते आणि ती बनवण्याची कला संघाबाहेरच्या कोणालाही अवगत नाही. दंशपेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी असते. तिच्या भिंती लहान आकाराच्या कोलॅजनच्या घट्ट विणीच्या असतात आणि आत एक लांब पोकळ धागा उलटा करून, वेटोळे घालून ठेवलेला असतो, जसे हातमोज्याचे बोट आत ढकलून ठेवावे तसा. कुपीत पॉलिग्लुटामेट नावाच्या पदार्थाचे रेणू दाटलेले असल्यामुळे आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट असतो. स्पर्श झाला आणि भक्ष्याच्या अंगची रासायनिक खूण पटली की झाकण उघडते, पाणी आत घुसते आणि धागा उलटत बाहेर पडतो. २००६ साली हायड्राच्या कुपीचे अतिवेगवान चित्रीकरण झाले, तेव्हा तिचे टोक बाहेर झेपावण्याचा टप्पा अवघ्या ७०० नॅनोसेकंदांत पुरा होत असल्याचे दिसले, आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक भरले. प्राणिसृष्टीत याहून वेगवान हालचाली फारच थोड्या माहीत आहेत. एक पेशी ही कुपी एकदाच वापरू शकते, त्यानंतर तिच्या जागी नवी पेशी तयार करावी लागते.

शरीराची बाकीची रचना अगदी थोडक्या सामग्रीत उभी आहे. बाहेर एक पेशीस्तर, आत एक पेशीस्तर आणि दोहोंच्या मध्ये मध्यश्लेष नावाचा जेलीसारखा थर. पोटाच्या पोकळीला एकच द्वार असते, त्यातूनच अन्न आत जाते आणि त्यातूनच उरलेले बाहेर टाकले जाते. रक्त नाही, श्वसनाची वेगळी इंद्रिये नाहीत, मध्यवर्ती मेंदू नाही. चेतापेशींचे जाळे मात्र सर्वांगभर असते. हा एकच आराखडा दोन तऱ्हांनी मांडता येतो. तोंड वर करून खाली चिकटून बसला तर पॉलिप, आणि तोंड खाली करून, मध्यश्लेष फुगवून पोहू लागला तर छत्रिक. समुद्रपुष्प आणि प्रवाळ ही पॉलिपची उदाहरणे आहेत, आपण ज्याला जेलीफिश म्हणतो ते छत्रिक आहे. घोटाळ्याचे मूळ इथेच आहे, कारण कित्येक जाती एका आयुष्यात दोन्ही रूपे घेतात.

नॉर्वेतील एकोणिसाव्या शतकातले प्राणिशास्त्रज्ञ मिखाएल सार्स यांचे काम या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. समुद्राच्या तळाशी चिकटलेला, काही मिलिमीटरांचा एक पॉलिप त्यांनी ‘सायफिस्टोमा’ या नावाने आणि बशांची उतरंड रचल्यासारखा दिसणारा दुसरा प्राणी ‘स्ट्रोबिला’ या नावाने नोंदवला. आठ बाहूंचे एक चिमुकले जेलीफिश ‘इफायरा’ या नावाने आधीपासून वेगळे प्रसिद्ध होते. पुढे सार्स यांनीच वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवले, की सायफिस्टोमाला आडव्या खाचा पडून त्याचा स्ट्रोबिला होतो, त्यातील एकेक बशी सुटून इफायरा होते आणि इफायरा वाढून नेहमीचे मोठे जेलीफिश होते. जे वेगवेगळे प्राणी समजले गेले होते ते एकाच प्राण्याच्या आयुष्याचे टप्पे निघाले. १८४२ साली डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी अशा उदाहरणांना एकत्र गुंफून पिढ्यांच्या एकांतरणाची कल्पना मांडली. ज्याने स्वतः दिलेली नावे स्वतःच्याच निरीक्षणाने मागे घेतली, त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आजच्या मांडणीत या संघाच्या तीन मोठ्या शाखा मानल्या जातात. पहिली अँथोझोआ, म्हणजे पुष्पप्राणी. यांच्यात छत्रिक अवस्था मुळीच नसते. अंड्यातून निघालेला प्लॅन्यूला डिंभ बसतो आणि थेट पॉलिप होतो. समुद्रपुष्पे, दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रपिसे या शाखेत येतात, आणि संघाच्या निम्म्याहून बऱ्याच अधिक जाती याच शाखेच्या आहेत. दुसरी मेड्युसोझोआ, छत्रिकवाल्यांची शाखा. तिच्यात हायड्रोझोआ, सायफोझोआ, क्युबोझोआ आणि स्टॉरोझोआ असे चार वर्ग पडतात. तिसरी शाखा परजीवींची आहे, तिच्याविषयी इथे कोणी अधिक जाणकार असल्यास त्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

पहिल्या दोन शाखांमधील भेद केवळ रूपाचा नाही. पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या अंगकांचे स्वतःचे डीएनए प्राण्यांमध्ये सहसा वर्तुळाकार असते. अँथोझोआमध्ये ते तसेच आहे. मेड्युसोझोआमध्ये मात्र ते सरळ दोऱ्यासारखे, दोन मोकळ्या टोकांचे असते. १९९२ साली ही गोष्ट पुढे आली तेव्हा एका जुन्या वादाचे पारडे झुकले. आधी छत्रिक आले आणि पॉलिप हे त्याचे अर्धवट वाढलेले रूप आहे, असे मानणारा एक पक्ष होता. पण वर्तुळाकार डीएनए हे मूळ रूप असेल, तर सरळ डीएनए असणारी छत्रिकवाली मंडळी नंतरची शाखा ठरते, आणि छत्रिक ही त्या शाखेने केलेली नवनिर्मिती ठरण्याची शक्यता वाढते.

उंबरठा

लेख अतिशय आवडला. दोन शंका आहेत. आम्ही शाळेत या संघाचे नाव सिलेंटराटा असे शिकलो होतो, नंतर त्यापुढे निडारिया हे नाव आले. हा फक्त नावाचा बदल आहे की त्यामागे काही कारण आहे? दुसरी शंका अशी, की आपण मेड्युसोझोआचे चार वर्ग सांगितले, पण त्यांच्यातला फरक सांगितला नाही. पेटीच्या आकाराच्या जेलीफिशांना वेगळा वर्ग का दिला गेला?

तळठाव

सिलेंटराटा म्हणजे आंतरगुही, ज्यांच्या पोटातच पोकळी आहे ते. हे नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्ट यांनी १८४७ च्या सुमारास दिले आणि तारामीन वगैरे अरीय सममितीच्या, म्हणजे मध्यबिंदूभोवती सारखी रचना असलेल्या, इतर प्राण्यांपासून या प्राण्यांना वेगळे काढले, ही त्या काळातली मोठीच सुधारणा होती. मात्र त्या नावाखाली फणीधारी जेली, म्हणजे टेनोफोरा, याही येत होत्या. १८८८ साली हाचेक यांनी स्पंज, निडारिया आणि टेनोफोरा असे तीन स्वतंत्र संघ केले. म्हणून निडारिया हे सिलेंटराटाचे केवळ दुसरे नाव नाही, त्याची व्याप्ती कमी आहे.

फणीधारी जेली दिसायला जेलीफिशासारखीच पारदर्शक असते, पण तिला दंशपेशी नसते. ती पोहते ती केसलांच्या, म्हणजे केसांसारख्या हलत्या सूक्ष्म तंतूंच्या, आठ ओळींनी, छत्रीची उघडझाप करून नव्हे, आणि भक्ष्य पकडते ते चिकट पेशींनी. एका जातीच्या फणीधारी जेलीत दंशकुप्या सापडल्या तेव्हा जुने नाते पुन्हा जुळते की काय असे वाटले होते, पण तिने त्या जेलीफिश खाऊन त्यांच्याकडून मिळवलेल्या होत्या. अलीकडे तर फणीधारी जेली ही इतर सर्व प्राण्यांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा असावी, असा दावा २००८ पासून जनुकांच्या आधारे होत आहे, आणि २०२३ साली गुणसूत्रांवरील जनुकांच्या मांडणीवरून त्याला आणखी बळ मिळाले. तो दावा स्पंजांना ते स्थान देणाऱ्यांना मान्य नाही, वाद चालू आहे. निडारियांची जवळीक मात्र तुमच्या-आमच्यासारख्या द्विपार्श्व, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या, प्राण्यांशी आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. म्हणजे दोन पारदर्शक, जेलीदार प्राण्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा आपल्या अधिक जवळचा आहे.

आता चार वर्ग. छत्रिक कसे जन्मते हे पाहिले की ते वेगळे ओळखता येतात. हायड्रोझोआमध्ये ते पॉलिपच्या अंगावर कळीसारखे फुटते आणि सुटते. सायफोझोआमध्ये पॉलिपला आडव्या खाचा पडतात, वर सांगितलेली बशांची उतरंड ती हीच. क्युबोझोआमध्ये साधारणपणे अख्खा पॉलिपच रूप पालटून एक छत्रिक होतो. स्टॉरोझोआमध्ये पॉलिपच्या वरच्या टोकाला छत्रिकासारखी रचना येते, पण ती सुटून जात नाही. तो प्राणी देठावर बसलेल्या छत्रिकासारखा आयुष्यभर शैवालाला किंवा खडकाला धरून राहतो. स्टॉरोझोआला स्वतंत्र वर्गाचा दर्जा २००४ साली मिळाला, तोवर ते सायफोझोआतच होते.

पेटी जेलीफिशांना वेगळे करण्यास एवढे कारण पुरेसे आहे, पण त्यांची खरी नवलाई डोळ्यांत आहे. छत्रीच्या चार बाजूंना चार संवेदनांगे असतात आणि प्रत्येकावर सहा, असे एकूण चोवीस डोळे असतात. त्यांतील आठ डोळ्यांना भिंग, दृष्टिपटल आणि पारपटल आहे. खारफुटीच्या मुळांमध्ये राहणाऱ्या ट्रायपेडालिया सिस्टोफोरा या सेंटिमीटरभराच्या जातीचे चार भिंगवाले डोळे नेहमी वर पाहतात आणि पाण्याच्या पृष्ठभागातून खारफुटीची छाया हेरून ती किनाऱ्याकडे परतते, असे २०११ साली दाखवले गेले. २०२३ साली आणखी एक प्रयोग झाला. त्यात ही जात टक्करींच्या अनुभवातून अडथळे टाळण्यास शिकते असे दिसले. मध्यवर्ती मेंदू नसताना अनुभवातून शिकणे कसे घडते, हा माझ्या मते या संघाने उभा केलेला सर्वांत सुंदर प्रश्न आहे.

रानवाट

फिसॅलिया, म्हणजे निळ्या फुग्याचा तो दाहक प्राणी, आपल्या मांडणीत कुठे बसतो? तो एक प्राणी नसून अनेक प्राण्यांची वसाहत आहे असे सर्वत्र वाचायला मिळते, पण त्याचा अर्थ मला कधीच नीट उमगला नाही. वसाहतीतले सगळे एकाच अंड्यातून येत असतील तर ती वसाहत कशी, आणि एकच देह असेल तर त्यात अनेक प्राणी कसे?

तळठाव

फिसॅलिया हायड्रोझोआ वर्गातील सायफोनोफोरा गणातला आहे. छत्रीची उघडझाप करणारे जेलीफिश तो नव्हे. आपली शंका अगदी योग्य जागी आहे, कारण ‘एक’ आणि ‘अनेक’ हे शब्द मानवी देहाकडे पाहून घडलेले आहेत.

एका फलित अंड्यातून एक प्लॅन्यूला होतो आणि त्यातून पहिला पॉलिप. तो पॉलिप वाढताना त्याच्यावर कळ्या फुटत जातात आणि त्या सुटून न जाता जोडलेल्याच राहतात. हायड्राच्या अंगावर फुटलेली कळी वेगळी होऊन स्वतंत्र हायड्रा होते. इथे ती वेगळी होत नाही. प्रत्येक कळीची जडणघडण पॉलिपची किंवा छत्रिकाची असते, म्हणून रचनेच्या दृष्टीने ती एकेक प्राणी आहे. पण एकीला फक्त पचन येते, दुसरीला फक्त भक्ष्य धरणे, तिसरीला फक्त प्रजनन. कोणतीही एकटी जगू शकत नाही, म्हणून कार्याच्या दृष्टीने ती अवयव आहे. उत्पत्तीने प्राणी आणि व्यवहाराने अवयव, असे म्हटले की गुंता पुष्कळसा सुटतो. वरचा फुगा मात्र कळीतून आलेला नाही, तो मूळ डिंभाच्याच टोकाचा विस्तार आहे. त्यात हवेबरोबर त्याने स्वतः तयार केलेला कार्बन मोनॉक्साइड वायूही असतो.

याच गणातील दुसऱ्या काही जाती लांबच लांब दोरासारख्या वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेस खोल समुद्रात २०२० साली दिसलेल्या एका सायफोनोफोराच्या बाहेरच्या वेटोळ्याची लांबी पंचेचाळीस मीटरांच्या आसपास अंदाजली गेली.

जाता जाता एक सांगतो. निळ्या चकतीसारखे पोर्पिटा आणि शिडाचे व्हेलेल्ला हे फिसॅलियाबरोबर वाहत येतात, तसेच निळे असतात आणि तसेच तरंगतात. पूर्वी त्यांना फिसॅलियासोबत सायफोनोफोरातच ठेवत असत. ते त्या गणातले नाहीत. इथेही रंग आणि राहणी पाहून नाते जुळवले गेले होते.

अवलोकन

दंश झाल्यास काय करावे याविषयीही दोन ओळी याव्यात असे वाटते, कारण वर वर्णिलेल्या कुपीच्या रचनेवरूनच त्याचे उत्तर बरेचसे मिळते. कातडीवर चिकटलेल्या शुंडकांत, म्हणजे भक्ष्य धरणाऱ्या लवचीक बाहूंत, न फुटलेल्या असंख्य कुप्या शिल्लक असतात. घासल्याने किंवा गोडे पाणी ओतल्याने त्या फुटतात, म्हणून तसे करू नये. पेटी जेलीफिशाच्या दंशावर व्हिनेगर ओततात ते उरलेल्या कुप्या फुटू नयेत यासाठी. आधीच अंगात गेलेल्या विषावर त्याचा परिणाम होत नाही. फिसॅलियाच्या दंशात सोसवेल इतक्या गरम पाण्याने, साधारण पंचेचाळीस अंश सेल्सियसच्या, वेदना कमी होतात असे चाचणीत आढळले आहे. लघवी ओतण्याचा सल्ला निराधार आहे. श्वास घेण्यास त्रास, छातीत दुखणे किंवा भोवळ अशी लक्षणे असतील तर वेळ न दवडता वैद्यकीय मदत घ्यावी. किनाऱ्यावर मरून पडलेल्या प्राण्याच्याही कुप्या फुटू शकतात, हे मुलांना अवश्य सांगावे.

सूक्ष्मदर्शी

तिसऱ्या शाखेबद्दल धागालेखकांनी विनंती केली आहे म्हणून लिहितो. माझ्या मते या संघातील सर्वांत विलक्षण कथा हीच आहे आणि ती धागालेखकांच्या मुद्द्याला थेट पुष्टी देते.

मिक्सोझोआ हे माशांच्या देहात राहणारे सूक्ष्म परजीवी आहेत. त्यांच्या दोन हजारांहून अधिक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांचे बीजाणू मोजक्या पेशींचे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. तोंड नाही, पोट नाही, चेतापेशी नाहीत, शुंडके नाहीत. साहजिकच जवळपास सगळ्या विसाव्या शतकात त्यांना एकपेशीय आदिजीवांमध्ये गणले गेले. परंतु प्रत्येक बीजाणूत एक किंवा अधिक कुप्या असतात, प्रत्येक कुपीत वेटोळे घातलेला धागा असतो, आणि चेतवल्यावर तो धागा उलटून बाहेर पडतो. हे वर्णन इथल्या वाचकांना परके वाटणार नाही. काही अभ्यासकांनी हे साम्य फार पूर्वीच दाखवले होते, पण इतका साधा देह जेलीफिशाच्या कुळातला असेल हे स्वीकारणे बहुतेकांना जड गेले.

ट्राउट माशांच्या पिल्लांना गरगर फिरायला लावणारा एक रोग आहे. मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस हा परजीवी त्यांच्या कूर्चा खातो, त्यामुळे कणा वाकडा होतो आणि पिल्लू स्वतःभोवती फिरत राहते. याचे बीजाणू एका माशाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाहीत, हे प्रयोगांत वारंवार दिसत होते. १९८४ साली वुल्फ आणि मार्किव यांनी दाखवले, की माशातून आलेले बीजाणू चिखलातील ट्युबिफेक्स नावाचे कृमी गिळतात, त्यांच्या आतड्यात परजीवीचे रूप पूर्णपणे बदलते आणि तिथून तीन लांब बाहूंचा, नांगरासारखा एक वेगळाच बीजाणू बाहेर पडतो. तो पाण्यात तरंगतो, माशाच्या कातडीला लागताच कुप्यांतील धागे सोडून तिला धरतो आणि आत शिरतो. हा नांगरासारखा बीजाणू शास्त्राला आधीपासून माहीत होता. तो कृमींचा परजीवी म्हणून ओळखला जात होता आणि त्याच्या भाईबंदांचा एक स्वतंत्र वर्गच करून ठेवलेला होता. सार्स यांच्या सायफिस्टोमाचे आणि इफायराचे जे झाले तेच इथे दीड शतकानंतर पुन्हा झाले. एकाच प्राण्याच्या दोन अवस्थांना दोन वर्गांत टाकले गेले होते.

डीएनएच्या तुलनेनेही सुरुवातीला गोंधळच वाढवला. परजीवींची जनुके फार वेगाने बदलतात, त्यामुळे काही विश्लेषणांत मिक्सोझोआ चक्क द्विपार्श्व प्राण्यांजवळ जाऊन बसत. त्यातच बुडेनब्रोकिया नावाचा एक जीव या गटातला निघाला, जो कृमीसारखा लांबट असून ज्याच्या अंगात स्नायूंचे चार उभे पट्टे आहेत. मिक्सोझोआ म्हणजे ऱ्हास पावलेले कृमीच, असे त्यावरून काहींना वाटले. २००७ साली त्याच्या अनेक जनुकांची एकत्र तुलना झाली आणि तो निडारियातच बसतो हे स्पष्ट झाले. त्यानंतर दंशकुपीच्या भिंतीचे ते खास छोटे कोलॅजनही मिक्सोझोआत सापडले. आज स्टर्जन माशाच्या अंड्यांत वाढणारा पॉलिपोडियम आणि मिक्सोझोआ मिळून ही तिसरी शाखा मानली जाते आणि ती मेड्युसोझोआच्या अधिक जवळची आहे.

२०२० साली सॅमन माशाच्या स्नायूंत राहणाऱ्या हेन्नेगुया साल्मिनिकोला या जातीत मायटोकॉन्ड्रियाचे डीएनए शिल्लकच नसल्याचे आढळले. ऑक्सिजनवर श्वसन करण्याची व्यवस्थाच गमावलेला प्राणी म्हणून तिची नोंद झाली. पोट गेले, चेता गेल्या, श्वसनही गेले, आणि तरीही दंशकुपी राहिली, कारण माशाला धरण्यासाठी तिची गरज होती.

तळठाव

सूक्ष्मदर्शी, आपण लिहिलेल्या शेवटच्या वाक्यासाठीच हा धागा काढला होता असे मला वाटते आहे. दोन अवस्थांचे दोन वर्ग झाल्याची ही गोष्ट सार्स यांच्या गोष्टीशेजारी ठेवण्याचे मला सुचले नव्हते.

उंबरठा

पुन्हा पहिल्या परिच्छेदाकडे येतो. तांबडे आणि निळे प्रवाळ एका घराण्यातले, दगडी प्रवाळ शेजारच्या, असे आपण म्हटले. हे साध्या डोळ्यांना कळण्यासारखे आहे का, की त्यासाठीही डीएनएच लागते?

तळठाव

साध्या भिंगाने कळते, फक्त पॉलिप उमललेला असायला हवा. शुंडके मोजावीत. आठ असतील आणि प्रत्येकाला पिसासारखे दुहेरी काठ असतील तर ते ऑक्टोकोरॅलियातले. तांबडे पोवळे, निळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रपिसे हे सगळे अष्टशुंडकी आहेत. शुंडके साधी आणि बहुधा सहाच्या पटीत असतील तर ते हेक्साकोरॅलियातले. दगडी प्रवाळ आणि समुद्रपुष्पे त्यात येतात. काळ्या प्रवाळांना सहाच शुंडके असतात. त्यांच्यातील लिओपॅथिस प्रजातीची एक खोल समुद्रातील वसाहत किरणोत्सर्गी कार्बनच्या मापनानुसार चार हजारांहून अधिक वर्षांची निघाली आहे. अग्निप्रवाळात यांपैकी काहीच दिसत नाही, त्याच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि त्यांतून केसांसारखे नाजूक पॉलिप डोकावतात.

ऑक्टोकोरॅलियाच्या अंतर्गत रचनेचे मात्र डीएनएवाचून भागत नाही. मऊ की कठीण, पंख्यासारखे की पिसासारखे, अशा बाह्य रूपावर उभी असलेली त्यांची जुनी विभागणी २०२२ साली जवळजवळ पूर्ण मोडून दोन नव्या गणांत मांडावी लागली.

अवलोकन

प्रवाळ म्हटले की त्यांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांचा उल्लेख यावाच. उथळ पाण्यातील भित्तिकारक प्रवाळांना ऊर्जेचा फार मोठा भाग या सूक्ष्म शैवालांकडून मिळतो, आणि पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जरी काही आठवडे अधिक तापले तरी ही भागीदारी तुटून प्रवाळ पांढरे पडते. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते, पाणी लवकर निवले तर ते सावरू शकते. पण उपासमार लांबली तर मरते. वर्गीकरणाशी याचा संबंध असा, की अशी भागीदारी या संघात एकाच घराण्यात नाही. दगडी प्रवाळ, निळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि तळाशी उलटे पडून राहणारे कॅसिओपिया जेलीफिश या सर्वांनी ती केलेली आहे.

तळठाव

अगदी खरे आहे, आणि याच कारणाने अग्निप्रवाळही इतर प्रवाळांबरोबरच पांढरे पडते.

शुंडके मोजण्यावरून एक जुनी गोष्ट सांगायची राहिली. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील मार्सिली यांनी ताज्या पोवळ्याच्या फांद्या समुद्राच्या पाण्यात ठेवल्या, तेव्हा त्यांवर पांढरी फुले उमललेली दिसली. फांदी पाण्याबाहेर काढली की फुले मिटत, पाण्यात ठेवली की पुन्हा उमलत. पोवळे ही वनस्पतीच आहे याचा तो निर्णायक पुरावा मानला गेला. पुढे १७२० च्या दशकात फ्रेंच वैद्य पेसोनेल यांनी तीच फुले पाहून सांगितले, की ही फुले नसून समुद्रपुष्पासारखे लहान प्राणी आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना हे इतके अविश्वसनीय वाटले, की पेसोनेल यांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी निरीक्षणकर्त्याचे नाव गाळूनच ते मांडले. ट्रेंब्ले यांनी हायड्राचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी वाढताना दाखवल्यावर १७४२ साली रेओम्यूर यांनी पेसोनेल यांचे म्हणणे खरे असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

मार्सिली यांचा निष्कर्ष चुकला, पण नोंद अचूक होती. त्या प्रत्येक फुलाला त्यांनी आठ पाकळ्या मोजल्या होत्या.